परतलेलं ऊन

रिक्षा दवाखान्याच्या रस्त्याला वळली आणि अभिमन तायडेच्या उजव्या गालावर ऊन फाडकन बसलं. त्याने डोळे मिटले. पापण्यांमागे सगळं लालभडक झालं आणि त्या लालीतच त्याला जाणवलं की काहीतरी चुकतंय. दुपार कलली होती, रिक्षा उत्तरेकडे चालली होती, म्हणजे सूर्य डाव्या हाताला असायला हवा. तो होताही डावीकडेच. खांद्याला त्याची धग लागत होती. धुळ्याच्या आकाशात कुठल्या महिन्यात, कुठल्या प्रहराला सूर्य कुठे असतो हे अभिमनला आठवावं लागत नसे. घरातल्या माणसाची पावलं ओळखू यावीत तसं ते त्याला कळत असे. आणि हे दुसरं ऊन उजवीकडून, पूर्वेकडून येत होतं. मे महिन्यातली उतरती दुपार, आणि पूर्वेकडून ऊन. क्षणभर त्याला वाटलं, आपल्यालाच काहीतरी होतंय. त्याने रिक्षाच्या दांडीला घट्ट धरलं.

"आरसास्ना दवाखाना शे साहेब तो," रिक्षावाला मागे न बघता म्हणाला. "आठे डोयावर हात धरनाच पडस."

तो दवाखाना अभिमनने बांधला होता. अकरा वर्षांपूर्वी, जळगावला नुकतंच स्वतःचं ऑफिस थाटलेलं असताना, त्याला मिळालेलं पहिलं मोठं काम. रिक्षातून उतरून, कपाळावर हात धरून तो रस्त्याच्या कडेला उभा राहिला आणि आपल्या इमारतीकडे पाहायचा प्रयत्न करू लागला. पाहता येत नव्हतं. चार मजले उंचीची एक निळसर काच उभी होती, तिच्यात एक सूर्य होता आणि खाली रस्ता उलटा चालत होता. पश्चिमेच्या भिंतीवर खालपासून वरपर्यंत काँक्रीटच्या ज्या उभ्या पट्ट्या होत्या, नैऋत्येकडे किंचित वळवलेल्या, ज्यांना तो सवयीने फिन म्हणायचा आणि दवाखान्यातल्या आया 'पुस्तकाची पानं' म्हणायच्या, त्या मुळापासून कापून काढल्या होत्या. चोरी झाल्यावर माणूस रिकाम्या जागेकडे बघत राहतो तसा तो बघत राहिला. रिकामी जागासुद्धा दिसत नव्हती. तिथे त्याचंच प्रतिबिंब होतं, खांद्याला पिशवी लावलेलं, डोळे बारीक केलेलं, आणि त्याच्या पायाशी रस्त्यावर दोन सावल्या पडल्या होत्या, एक पूर्वेला, एक पश्चिमेला.

त्या फिनांचा कोन काढायला त्याने एक अख्खा पावसाळा घालवला होता. तेव्हा असलं काही करणारा माणूस खानदेशात कोणी नव्हता, आणि करायला हवं असं वाटणाराही कोणी नव्हता. दिल्लीला शिकताना प्रयोगशाळेत एक कलतं टेबल होतं. त्यावर पुठ्ठ्याची इमारत ठेवायची, समोर दिवा धरायचा, टेबल अक्षांशाएवढं झुकवायचं, आणि मग चक्र फिरवलं की मे महिन्याची संध्याकाळ त्या पुठ्ठ्याच्या खिडक्यांतून आत सरकत जायची. बाकीची मुलं दोन तासांत कंटाळून चहाला जात. अभिमन टेबलाशीच राही. ऊन असं हातात धरता येतं, त्याला हवं तिथे थांबवता येतं, ही गोष्टच त्याला नवीन होती. पारोळ्याजवळच्या त्यांच्या गावात ऊन ही चुकवायची गोष्ट होती. आई मजुरीला गेली की मंजुळा अक्का, त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी बहीण, त्याला कडेवर घेऊन सावलीच्या शोधात निघायची. त्यांच्या वस्तीत झाड नव्हतं. सावल्या होत्या त्या गावातल्या मोठ्या भिंतींच्या. त्या भिंतींच्या बाहेरच्या अंगाला, सावलीची कड जसजशी सरके तशी अक्का त्याला घेऊन सरकायची, आणि घरमालकाची हाक आली की निमूट उठायची. पुढे पेन्सिलीने कागदावर सावलीच्या कडा आखताना कधीकधी अभिमनच्या कमरेला अक्काच्या हाडकुळ्या कमरेचं टोक टोचल्यासारखं व्हायचं. ही गोष्ट त्याने कोणालाच सांगितली नव्हती. सांगितली असती तर लोकांनी तिचं भाषण केलं असतं.

दवाखाना चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष जीवराम नाना तेव्हा आराखडा बघताना म्हणाले होते, "तायडेसाहेब, दक्षिण सोडून तुम्ही पश्चिमेच्या मागे का लागलात? तापते ती दक्षिणच ना?" अभिमनने त्यांना तक्ता दाखवला. वेधशाळेच्या नोंदींवरून त्याने प्रत्येक भिंतीवर प्रत्येक महिन्यात किती ऊन ओतलं जातं ते काढलं होतं. मे महिन्यात आपल्याकडे सूर्य डोक्यावरून जातो, दक्षिणेच्या भिंतीला तो जवळजवळ शिवतही नाही. खरी जाळते ती पश्चिम, दुपारनंतर, आडवं ऊन थेट खिडकीतून खाटेवर. आणि पश्चिमेलाच तर तुमचा जनरल वॉर्ड येतोय. फिन अशा वळवल्या की उन्हाळ्यातलं ऊन अडेल आणि थंडीतलं कलतं ऊन मात्र आत येईल. नानांनी तक्त्यावरून बोट फिरवलं. "वा," म्हणाले. "गरिबाच्या खाटेचा विचार केलात." ते वाक्य अभिमनने बरीच वर्षं जपून ठेवलं होतं, आणि आता रस्त्यावर उभं असताना त्याला आठवलं की उद्घाटनाच्या दिवशी कोनशिलेवर रंगाच्या कंत्राटदाराचं नाव होतं, त्याचं नव्हतं. त्याचं त्याला तेव्हा वाईट वाटलं नव्हतं. फिन होत्या ना. भिंतीवर सही असल्यासारख्या त्या उभ्या होत्या.

बोलावणं नानांचंच होतं. त्यांची केबिन गार होती. इतकी गार की घामाने ओला झालेला शर्ट पाठीला चिकटून गारठायला लागला. नाना थकले होते, पण आवाज तोच, मऊ आणि वजनदार. त्यांनी पाणी मागवलं, जळगावची, तब्येतपाण्याची चौकशी केली, मग स्वतःच काचेचा विषय काढला. "तुम्हाला वाईट वाटलं असेल. वाटणारच. पण काळ बदलला, साहेब. नाशिकचे दवाखाने बघून पेशंट येतो. त्याला बाहेरून काही दिसायला हवं. तुमच्या त्या पट्ट्यांवर कबुतरं बसत, काळे ओघळ येत. आता वरचे सगळे मजले एसी आहेत. आत कोणालाही ऊन लागत नाही."

"जनरल वॉर्ड?"

"तो खाली नेला, मागच्या बाजूला."

आत कोणाला ऊन लागत नव्हतं, ही गोष्ट खरी होती. अभिमनचं सगळं गणित एका वाक्यात निकाली निघालं होतं. ऊन अडवायची गरजच नव्हती, ते परत पाठवता येत होतं. पाठवायचं कोणाकडे, एवढाच प्रश्न होता, आणि नाना आता त्यावरच आले होते. समोरच्या वस्तीतून महापालिकेत अर्ज गेला होता. दुपारी चारनंतर काचेचं ऊन आमच्या दारात येतं, बसवत नाही, पत्रे तापतात, म्हाताऱ्या माणसांना त्रास होतो. महापालिकेने तज्ज्ञाचा अहवाल मागितला होता.

"तुमच्याच मंडळींचा अर्ज आहे," नाना म्हणाले. 'तुमच्याच' या शब्दावर त्यांनी कुठलाही जोर दिला नव्हता. जोर नव्हता म्हणूनच तो शब्द टेबलावर पडून राहिला. "आणि या विषयातलं तुमच्याशिवाय आपल्याकडे कोण आहे? तुम्ही मोजमाप करा. खरं असेल तेच लिहा. माझ्या भिडेखातर एक शब्द इकडचा तिकडे नको. नर्सिंग कॉलेजचं काम पुढे यायचंय, ते तुमच्याचकडे द्यायचं माझ्या मनात आहे. पण त्याचा याच्याशी संबंध नाही."

पुढे कितीतरी महिने अभिमन ते बोलणं मनात उलटंपालटं करून बघत राहिला. नानांना तेव्हाच सगळं माहीत होतं का? खरं लिहा म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर काही होतं का? चेहरा नीट आठवेना. आठवायची ती गार हवा आणि पाठीला चिकटलेला शर्ट.

तो रस्ता ओलांडून वस्तीत गेला. वस्ती म्हणजे रस्त्याच्या पश्चिमेला, दवाखान्याकडे तोंड केलेली पत्र्याच्या घरांची एक लांब रांग, मागे तशीच दुसरी. जवळजवळ सगळी बौद्धांची घरं. हमाल, गवंडी, दोनचार शिपाई, एक शाळामास्तर. मंजुळा अक्का लग्न होऊन इथे आली त्याला तीस वर्षं झाली होती. नवरा गेल्यावरही ती इथेच राहिली, मुलगा गुजरातेत कामाला. दवाखान्याचं काम चालू असताना अभिमन दुपारचं जेवण अक्काच्या ओट्यावर करायचा. ओटा पूर्वेकडे तोंड करून, त्यामुळे दुपारनंतर घराचीच सावली त्यावर उतरायची. रांगेतल्या सगळ्या बायका त्या वेळी ओट्यांवर असत. कोणी डाळ निवडतेय, कोणी वेणी घालतेय. तेवढा एक प्रहर त्या वस्तीला सुखाचा होता, आणि तो कोणी दिला नव्हता, घरांचं तोंड पूर्वेला असल्याने आपोआप मिळाला होता.

आता ओटे रिकामे होते. दारं लावलेली. अभिमन अक्काच्या ओट्यावर चढला तेव्हा त्याची सावली दारावर पडली. दुपारी, सकाळची सावली. त्याने मागे वळून पाहायचं टाळलं. मानेवर ऊन होतं.

"उना का रे भाऊ," अक्काने दार अर्धं उघडलं. "लवकर मधमा ये."

आत अंधार होता आणि पत्र्यावरच्या तापलेल्या रंगाचा वास. तिने त्याला माठातलं पाणी दिलं आणि पदराने स्वतःला वारा घालत राहिली. शेजारच्या द्रौपदाबाई गेल्या महिन्यात गेल्या, म्हणाली. अभिमनला त्या आठवत होत्या. अर्धांगाने एक बाजू गेलेली, तोंड वाकडं, पण हसायच्या. घरात पत्र्याखाली जीव घाबरायचा म्हणून वर्षानुवर्षं त्यांची खाट ओट्यावरच असे.

"खाटवरच ठेईसन पोऱ्या कामले ग्यात. रोजनंच व्हतं ते. मंग त्या आरसा लाग्यात. चार वाजनात, ऊन उनं. तिले उठता येस का? तठेच पडी ऱ्हायनी. आम्ही बठ्ठा दारे लाईसन मधमा. कोनले माहीत? डाक्टर म्हने, वय व्हतं."

अभिमनने पाणी संपवून भांडं खाली ठेवलं.

"तुनाच दवाखाना शे ना तो," अक्का म्हणाली. तिच्या बोलण्यात बोचरेपणा नव्हता. धाकट्या भावाने बांधलेला दवाखाना म्हणून ती वस्तीत मिरवत आली होती, तीच सवय. "त्यास्नी तुले बलावं, ते बरं व्हयनं. तू लिख. जे शे ते बठ्ठं लिख."

त्याने मोजायला सुरुवात केली. जळगावच्या इंजिनियरिंग कॉलेजातून ऊन मोजायचं यंत्र मागून आणलं, काळा रंग दिलेले पत्र्याचे तुकडे ओट्यावर मांडले, सावलीत एक आणि काचेच्या उन्हात एक असे थर्मामीटर टांगले. वस्तीतले लोक येऊन बघून जात. झुलाल नावाचा एक गवंडी रोज संध्याकाळी कामावरून येताना थांबे, काही विचारत नसे, नुसता आकड्याकडे बघे. अभिमनच्या लक्षात आलं की आपल्याला आनंद होतोय. कितीतरी वर्षांनी होतोय. जळगावात तो बंगल्यांचे आराखडे काढायचा, सिमेंटच्या गोदामांना कमानी लावायचा, मंगल कार्यालयांना खांब द्यायचा. ऊन कुठून येतं हे कोणी विचारत नव्हतं. आता वहीवर पुन्हा कोन उतरत होते, काचेतून परतणाऱ्या किरणाची रेघ रस्ता ओलांडून नेमकी अक्काच्या उंबऱ्यावर टेकत होती, आणि यंत्राचा काटा त्याने कागदावर आधी काढलेल्या आकड्याच्या शेजारी येऊन थांबत होता. जुळलं की त्याच्या अंगातून एक सुखाची शिरशिरी जाई. ती द्रौपदाबाईच्या रिकाम्या ओट्यावर बसून येते आहे, हे त्याला एकदा एकदम जाणवलं. तो उठला, थोडं चालून आला, आणि परत येऊन बसला.

अहवाल त्याने मराठीत लिहिला, महापालिकेत सगळ्यांना कळावा म्हणून. थेट उन्हाच्या निम्म्याच्या आसपास ऊन काचेतून परतून घरांवर पडतं. जी वेळ पूर्वी सावलीची होती ती आता दिवसातली सर्वांत तापलेली वेळ झाली आहे. पत्र्याच्या भिंती ते ऊन आत नेतात. शेवटी उपाय दिले. काच काढून पूर्वीसारख्या फिन लावाव्यात, किंवा काचेपुढे जाळी उभारावी, निदान काचेवर चमक घालवणारा थर द्यावा. पण त्याआधी एक वाक्य त्याने पुष्कळ वेळ घोळवलं. साधं लिहिलं तर कोणी लक्ष देणार नाही असं त्याला वाटत होतं. मग त्याने लिहिलं: 'अशा परिस्थितीत सदर घरे मानवी वास्तव्यास अयोग्य ठरतात.' वाक्य वाचून त्याला समाधान वाटलं. त्यात दणका होता. त्याने ते अक्काला वाचून दाखवलं. तिला 'वास्तव्यास' कळलं नाही, पण वाक्य भारी आहे हे कळलं, आणि तिने मान हलवली.

पाऊस सरता सरता महापालिकेचा निर्णय आला. तो त्याला नानांनी स्वतः फोन करून सांगितला. "तुमच्या अहवालामुळे मार्ग निघाला, साहेब. फार चांगलं काम केलंत." तज्ज्ञांच्या अहवालानुसार सदर घरे मानवी वास्तव्यास अयोग्य ठरत असल्याने वस्तीचं शहराबाहेर, पारोळा रस्त्याला, पुनर्वसन करण्यात येईल. जागा महापालिका देईल; पत्रे आणि विटा संस्था देईल. मोकळ्या झालेल्या जागेत रुग्णांच्या नातेवाइकांसाठी गाड्या लावायची सोय होईल.

अभिमन त्याच दिवशी एसटीने धुळ्याला गेला. नाना त्याच खोलीत, त्याच खुर्चीत.

"मी उपाय लिहिले होते, नाना. काचेचे उपाय."

"वाचले ना. सगळे वाचले. पण काच काढणं म्हणजे केलेला खर्च पाण्यात, आणि तुमच्या फिन लावल्या तरी वस्ती पत्र्याचीच राहणार. इथून तिथे नेली की दोन्ही प्रश्न सुटतात. लोकांना पक्की विटांची घरं मिळताहेत. तुम्हाला आनंद व्हायला हवा."

"त्यांना तिथून कामावर यायला..."

"बस चालू होईल." नानांनी त्याच्याकडे समजुतीने पाहिलं. "तुम्ही स्वतःच लिहिलंत, अयोग्य. मी तर तुमचा शब्दही बदलला नाही."

नर्सिंग कॉलेजचं काम मी करणार नाही, असं अभिमनने तेव्हा सांगितलं. येताना एसटीत त्याने ते वाक्य बरंच तयार केलं होतं, त्याला धार लावली होती. नानांनी ते ऐकून घेतलं आणि "बरं," म्हणाले. रागावले नाहीत, कारणही विचारलं नाही. घंटी वाजवून चहा सांगितला. अभिमनने चहा घेतला. न पिता उठून जावं असं मनात आलं होतं, पण कप हातात होता आणि तो खाली ठेवणं जमलं नाही. बाहेर आल्यावर त्याने पहिल्यांदा त्या काचेकडे सरळ बघितलं. ढग होते, तिच्यात ऊन नव्हतं. तिच्यात समोरची घरं दिसत होती, सगळी रांग, दारं, ओटे, दोरीवरचे कपडे, आणि सगळं एवढं स्वच्छ दिसत होतं की जणू ते हलवायच्या आधी कोणीतरी त्याचा फोटो काढून ठेवला होता.

वस्ती थंडीत उठली. भांडण झालं नाही. शाळामास्तरांनी एक सभा घेतली, तिच्यात अभिमनचं नाव निघालं की नाही हे त्याला कोणी सांगितलं नाही. जळगावला त्याने ऑफिसात बसून ते वाक्य कितीदा तरी पुन्हा लिहून पाहिलं. 'अयोग्य' काढून 'त्रासदायक' घातलं असतं तर? 'काचेमुळे' हा शब्द वाक्यात आधी आला असता तर? वाक्य प्रत्येक वेळी नव्याने जुळत होतं, आणि प्रत्येक वेळी त्याला दिसत होतं की ते नसतं तर नानांनी दुसरं कुठलंतरी उचललं असतं. सगळा अहवाल खरा होता, खरं तेवढं हवं तिथून उचलता येत होतं. मग तो काम बाजूला सारून खिडकीशी उभा राही. समोरच्या नव्या इमारतीला, सराफांच्या दुकानांवर, निळी काच बसवायचं काम चाललं होतं.

पारोळा रस्त्याला तो गेला तेव्हा हवेत अजून गारवा होता. उघड्या माळावर चुन्याच्या रेघा मारून जागा पाडल्या होत्या, पाठीला पाठ लावून दोन दोन रांगा. निम्म्या घरांच्या भिंती कमरेपर्यंत आल्या होत्या. लोकांनी त्याला पाहिलं, कोणी तोंड फिरवलं नाही. एका बाईने खाटेवरची गोधडी झटकून त्याला बसायला दिली, तिच्या सुनेने चहा आणून दिला. हेच त्याला सहन होईना. कोणी काही बोललं असतं तर उत्तर देता आलं असतं.

अक्का विटांच्या ढिगावर बसली होती. तिच्या जागेत झुलाल काम करत होता.

"अक्का," अभिमन म्हणाला, "माझ्यामुळे झालं हे."

"तू लिखं ते खोटं व्हतं का?"

"खोटं नव्हतं."

"मंग?" अक्का म्हणाली. तिचं 'मंग' हे समजूत घालणं होतं की प्रश्न, ते त्याला कळलं नाही. ती त्याच्याकडे बघत नव्हती. जमिनीवर आडव्या पडलेल्या, संस्थेने दिलेल्या लोखंडी चौकटीकडे बघत होती. मग उठली, लुगड्याची धूळ झटकली. "बरं व्हयनं तू उना. झुलाल सकायपासून इचारी ऱ्हायना. तू शिकेल शे या कामनं. सांग, दार कोनती बाजूले ठेवू?"

अभिमनने जागेकडे पाहिलं. डाव्या अंगाची भिंत शेजारच्यांशी सामायिक होती, उजव्या अंगाचीही. मागे, पूर्वेला, पाठीला पाठ लावून दुसऱ्या रांगेतलं घर चढत होतं. उघडी बाजू एकच होती. तिच्यापुढे झाड नव्हतं, घर नव्हतं, क्षितिजापर्यंत कापलेल्या बाजरीचं रान. मे महिन्यात दुपारनंतर तिथून काय येणार हे त्याला यंत्राशिवाय दिसत होतं, तासातासाने, पाऊलपाऊल पुढे सरकत, उंबरा ओलांडून चुलीपर्यंत. अक्का वाट बघत उभी होती. थापी हातात धरून झुलालही थांबला होता.

"इकडे," अभिमन म्हणाला. मग, तिला नीट कळावं म्हणून, "पश्चिमेला."

अक्काने मान डोलावली. झुलालने चौकट उचलून उघड्या बाजूला उभी केली, ओळंबा सोडला आणि म्हणाला, "साहेब, जरा धरा. हलू देऊ नका."

अभिमनने पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी चौकट धरली.